जिन्याची पाळी

आमच्या विहीणबाईंइतकी जिन्याची काळजी वाहणारी बाई साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर दुसरी झाली नसेल. त्या दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावात, चार मजली इमारतीत राहतात. तिकडे नोकरीला गेलेल्या आमच्या मुलानं त्यांची मुलगी केली, तेव्हापासून त्या आमच्या विहीणबाई. त्यांच्या गावात जिना झाडण्यापुसण्याची पाळी दर आठवड्याला एकेका बिऱ्हाडाकडे येते आणि ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकते. चाळीस वर्षांत त्यांनी एकही पाळी चुकवलेली नाही. नवरा गेला त्या आठवड्यात शेजारणीनं दया येऊन ती पाटी आपल्या दाराला लावून घेतली, तर ह्या काळ्या कपड्यांतच खाली जाऊन ती परत घेऊन आल्या. "दुःख माझं आहे, तशी पाळीही माझीच आहे," असं त्या म्हणाल्या. सुनेनं हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. गेली सहा वर्षं मात्र जिना म्हटलं की मी विषय बदलतो.

सहा वर्षांपूर्वी त्या मुला-सुनेबरोबर दिवाळीला सोलापुरात आमच्याकडे आल्या. माझं इंग्रजी पाटबंधारे खात्याच्या पत्रव्यवहारावर पोसलेलं आणि त्यांचं शाळेत शिकलेलं, त्यामुळे आमचं दोघांचं छान जमे. आमच्या हिला मात्र त्यांच्याशी फक्त हसता येई. रोज सकाळी सात वाजता घड्याळ बघून त्या घरातल्या सगळ्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडत. त्यांच्याकडे बर्फ पडत असतानाही उघडतात म्हणे. आमच्याकडे त्या दहा मिनिटांत रस्त्यावरची निम्मी धूळ आणि शेजारची लसणाची फोडणी घरात येऊन बसे, पण त्या समाधानानं म्हणत, "आता हवा नवी झाली." पाहुण्यांनी चपला बाहेर काढाव्यात हे त्यांना फार पसंत पडलं, पण पाहुण्यांसाठी घरात वेगळ्या सपाता मांडून ठेवलेल्या नाहीत, ह्यानं त्या हळहळल्या. पाहुणे अनवाणी बसले की त्या त्यांच्या पायांकडेच बघत राहत.

सणाच्या बाबतीत तर त्यांचा जीव टांगणीलाच लागला होता. नाताळच्या आधी त्या हिरव्या डहाळ्यांच्या कड्यात चार मेणबत्त्या ठेवतात आणि दर रविवारी एक जास्त लावतात. पहिल्याच रविवारी दोन लावणं म्हणजे त्यांच्या मते लबाडी. त्यांनी आमच्याकडेही वसुबारसेला एक पणती लावली, धनत्रयोदशीला दोन. समोरच्या गॅलरीत पहिल्याच दिवशी पन्नास पणत्या आणि लुकलुकणाऱ्या माळा बघून त्यांनी काळजीनं मला विचारलं, "सगळं आजच लावलं, तर उद्या काय लावणार?" लगेच त्यांचा पुढचा प्रश्न, हे सगळं उतरवायचं कधी? त्यांच्याकडे नाताळचं झाड घरातून काढायचा दिवस ठरलेला असतो. आमच्या वरच्या बिऱ्हाडाचा आकाशकंदील होळीपर्यंत उन्हात विटत लोंबकळतो, हे मी त्यांना कसं सांगणार? "तुळशीच्या लग्नाला," असं ठोकून दिलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. त्यांची ती वही निघाली की मला धडकीच भरायची.

असंच ठोकून देत मी पहिल्याच दिवशी घोटाळा करून ठेवला होता. "तुमच्याकडे जिन्याची पाळी कशी असते?" असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे सकाळी एक बाई येऊन झाडून जाते, मधल्या वेळात जिन्याचं काहीही झालं तरी कुणाला सोयरसुतक नसतं. पण का कोण जाणे, मला देशाची लाज राखावीशी वाटली. "आमच्याकडेही पाळी असते," मी म्हणालो, "हा आठवडा आमचाच."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हिनं नवी केरसुणी आणली, तिला पाणी शिंपडून हळदकुंकू वाहिलं आणि लक्ष्मीशेजारी उभी केली. जुनी केरसुणी रिवाजाप्रमाणे दडवून ठेवली, कारण त्या तिन्हीसांजेला झाडलं तर लक्ष्मीच घराबाहेर झाडली जाते. मी विहीणबाईंना हे समजावून सांगितलं, "आज ही झाडू नाही, देवी आहे." त्यांनी हात जोडले. "आणि उद्या?" "उद्यापासून झाडू." त्या केरसुणीकडे बघत म्हणाल्या, "आमच्या गावात हिची पूजा करत नाहीत. खरं तर करायला हवी." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

संध्याकाळी मुलगा आणि सून नातेवाइकांकडे गेले होते, ही खालच्या अक्कांकडे कुंकवाला. कुणीतरी जिन्यातच लवंगीची माळ उडवली आणि वरपासून खालपर्यंत लाल कागदांचा सडा पडला. विहीणबाई दार उघडून बघत, परत येऊन बसत, पुन्हा उठत. पुढ्यातल्या चकलीला त्यांनी हात लावला नाही. "आपली पाळी आहे," त्या हळूच म्हणाल्या, "लोक बघत असतील." त्यांचा चेहरा बघून मीही उठलो. जुनी केरसुणी सापडेना. काय बुद्धी झाली, मी देवाजवळची उचलली आणि दारापासून जिना झाडत सुटलो.

विहीणबाई सुपली घेऊन मागून आल्या आणि माझ्या हातात काय आहे ते बघून किंचाळल्याच, "देवी! देवी!" सुपली माझ्या हातात कोंबून त्यांनी केरसुणी हिसकावून घेतली. नेमक्या त्याच क्षणी ही आणि अक्का जिना चढून वर आल्या.

"अय्यो! लक्ष्मीला झाडली की हो हिनं!" अक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या.

हिच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, ही काय करायली हितं? आणि तुमी बघत उभे?"

मीच झाडलं असं म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते असं: "जाऊ दे गं. परक्या देशाच्या, त्यांना काय ठाऊक?"

त्यांची बाजू घेतोय असं दाखवून मी त्यांच्या गळ्यात आळ बांधला. विहीणबाईंनी मला विचारलं, "त्या काय म्हणतात?" मी सांगितलं, "तुमचे आभार मानतात." तेव्हा केरसुणी उराशी धरून त्या हिच्याकडे बघून हसल्या आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाल्या, "धन्यवाद."

तोंडावर ही त्यांना काही बोलली नाही. त्या गेल्यावर मात्र सगळ्या इमारतीला आणि निम्म्या नात्याला ही गोष्ट कळली. पुढच्या उन्हाळ्यात मुलाची नोकरी गेली, तेव्हा "झाडली की लक्ष्मी," एवढंच ही म्हणाली. दुसरी नोकरी लागली तरी ते वाक्य घरातून गेलं नाही. यंदा विहीणबाईंनी विचारलं, नातीची पहिली दिवाळी आहे, मुलांबरोबर मीही येऊ का? शहात्तराव्या वर्षी आता हाच शेवटचा लांबचा प्रवास. ही मुलाला फोनवर म्हणाली, "येऊ देत की. पण सण झाल्यावर."

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी भाजी निवडत बसलेल्या हिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. तिच्या हातातली मेथी तशीच राहिली.

"सा वर्सं," ती म्हणाली, "सा वर्सं मी त्या बाईला बोल लावला आणि तुमी लावू दिलात व्हय?"

तिनं मला तिथल्या तिथं फोन लावायला लावला. मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, उशीर केलात. सणाला नको म्हटल्यावर त्यांनी खुब्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली. ऐन दिवाळीतली." तरी त्यानं त्यांना फोनवर घेतलं. माझ्या खात्याच्या इंग्रजीत मी चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. आभार मानताना माणसाचा चेहरा तसा होत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"मी पंधरा दिवसांनी जाणार होते. तुम्हाला त्याच घरात राहायचं होतं."

हिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि मला खोलीबाहेर जायला सांगितलं. मी दाराशी उभा राहिलो. मुलगा मध्ये सांगत होता की नाही कोण जाणे, पण ही मराठीतच बोलत होती, आणि अहोजाहो सोडून बोलत होती. "पाय लई दुखतो का गं? जेवलीस का?" पलीकडून त्या त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होत्या, आणि ही "व्हय, व्हय" म्हणत होती. शेवटी ही म्हणाली, "पुढच्या दिवाळीला ये. नक्की ये." आमच्या वयाला हे वाक्य जरा हळूच म्हटलं जातं. हिनंही ते हळूच म्हटलं.