तारेचं वय

आष्टीला आमच्या दवाखान्यासमोर भुजंगची पिठाची गिरणी होती. त्याला एकच मुलगी, तारा. भुजंगचा थोरला भाऊ बद्रीनाथ शेजारीच राही, त्याची कौसल्या तारेपेक्षा पावणेदोन वर्षांनी मोठी.

१९८९ च्या जूनमध्ये कौसल्येचं नाव पहिलीत घातलं. भावाची मुलगी पुढे जाणार, हे भुजंगला सोसेना. त्याने चार वर्षांच्या तारेला उचलून शाळेत नेलं आणि जन्मतारीख सांगितली १ जून १९८३. गुरुजींनी लिहून घेतली. तेव्हा अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचाच असे. तारा आमच्या दवाखान्यात ९ मार्च १९८५ ला जन्मली, हे मी त्याला म्हटलंही.

"आता दोघी बराबर झाल्या, डॉक्टरीणबाई," एवढंच तो बोलला.

अभ्यासात तारा मागेच राहिली. दर निकालाला भुजंग दोघींच्या गुणपत्रिका शेजारी ठेवून बघे आणि त्या दिवशी गिरणी बंद ठेवी.

ती नववीत असताना खेळाच्या रामकिसन सरांनी तिला शंभर मीटर पळवली. चौदा वर्षांखालच्या गटात जिल्ह्यात हिला कुणी गाठणार नाही, असं ते म्हणाले. आठवडाभर भुजंग दळणाला येणाऱ्या प्रत्येकीला हेच सांगत होता. मग सरांनी रजिस्टर उघडलं. कागदावर तारेला चौदा पूर्ण झाली होती. खरी ती बारा वर्षांची.

"बाई, तुमच्या डायरीत खरी तारीख हाय ना?" तो पिठाच्या हातांनीच दारात उभा राहिला. "हेडमास्तरला दाखवा. पाया पडतो तुमच्या."

मी १९८५ ची डायरी घेऊन गेले. हेडमास्तरांनी पान नीट वाचलं. तारीख वडिलांनीच सही करून दिली आहे, बदलायला कोर्टाचा कागद लागेल, म्हणाले. स्पर्धा दोन दिवसांवर होती.

परतूरच्या मैदानावर, तालुक्याच्या स्पर्धेत, तारेला सतरा वर्षांखालच्या मुलींत पळावं लागलं. मी गेले होते. त्याच शर्यतीत कौसल्याही होती; ती दुसरी आली, जिल्ह्याला निवडली गेली. तारा पाचवी.

भुजंगने लहान गटात पहिल्या आलेल्या मुलीची वेळ विचारून तळहातावर लिहून घेतली. तारेची वेळ कुणीच घेतली नव्हती. पहिल्या तिघींचीच घेतात. मैदान रिकामं झालं, तरी तो रामकिसन सरांकडून घड्याळ मागून उभा राहिला.

"एकडाव पळ, तारा. तूच पहिली आली असती, एवढं दिसू दे."

ती पळाली. वेळ तळहातावरच्यापेक्षा जास्त भरली. तो म्हणाला, दमली म्हणून झालं, पुन्हा पळ. ती पुन्हा पळाली. आणखी जास्त भरली.

"अजून एकडाव. जल्दी."

"आप्पा, न्हाई होत."

"मंग मी काय सांगू लोकाला?"

तारा परत रेषेवर गेली. त्याने घड्याळ सुरू केलं. ती चालत निघाली, शेवटची रेषाही चालतच ओलांडली, आणि तशीच फाटकाबाहेर गेली. भुजंग वाकून घड्याळाकडे बघत राहिला. ते बंद करायचं त्याला सुचलं नाही.