न येणाऱ्या गोष्टींचा रविवार

कुंदाताईंचा फोन आला त्या सकाळी मी खिडकीपाशी बसून बासरीच्या पोकळीतून तेलाचा बोळा फिरवीत होतो. हात तेलकट होते, म्हणून फोन माझ्या बायकोने, शोभाने घेतला. "हो ताई... हो... निघतोच," एवढेच ती बोलली आणि फोन ठेवून चपला शोधू लागली. माझे साडू, म्हणजे शोभाच्या थोरल्या बहिणीचे, कुंदाताईंचे यजमान वसंतभाऊ, पहाटे गेले होते. पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, विहाराच्या सभागृहात वंदना झाल्यावर, पोस्टातले त्यांचे जुने सहकारी बोलले, कसबा पेठेतले शेजारी बोलले आणि मग माझे नाव पुकारले गेले. मी माइकपर्यंत गेलो. "वसंतभाऊ..." म्हणालो... आणि परत येऊन जागेवर बसलो. त्या दिवशी जे जमले नाही ते काही आठवड्यांनी लेखणीवर सोपवतो आहे. सरकारी कार्यालयात इतरांचे मसुदे तपासण्यात माझी नोकरी गेली. स्वतःचे असे काही छापायला देण्याची ही पहिलीच वेळ. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

वसंतभाऊंच्या घरी रविवारी सकाळी जमायचे, असा प्रघात आमच्या लग्नाच्याही आधीपासूनचा. तांबट आळीजवळ दुसऱ्या मजल्यावरची त्यांची दोन खोल्यांची जागा, दार सताड उघडे आणि आत पोह्यांची परात. या बैठकीचा नियम असा, की जे आपल्याला येत नाही तेच प्रत्येकाने करायचे. "येतं ते ऑफिसात करा, त्याचा पगार मिळतो. इथे न येणारं करायचं, त्याचे पोहे मिळतात," हे त्यांचे घटनेचे पहिले कलम. दुसरे कलम, टाळ्या वाजवायच्या नाहीत. त्यानुसार महापालिकेच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या कुंदाताई चित्र काढीत. त्यांचा हत्ती एकदा सर्वानुमते किटली ठरला होता. शेजारचे निवृत्त हवालदार क्रोशाच्या सुईने रुमाल विणीत, आणि तो रुमाल का कोण जाणे दर रविवारी लहानच होत जाई. संगणक कंपनीतला जावई गाणे म्हणू लागला, की त्यांची मुलगी रश्मी दोन्ही हातांनी तोंड झाकून "अरे प्लीज, खाली लोक थांबलेत!" असे म्हणायची. स्वतः वसंतभाऊ काय करीत? ते सर्वांच्या अध्येमध्ये करीत. त्यांना एकट्याने चहादेखील पिता येत नसे. मटार सोलायचे झाले तरी ते परात घेऊन जिन्यात बसत, म्हणजे जाणारा-येणारा माणूस दोन शेंगा तरी सोलेल.

मी मात्र वर्तमानपत्राआड बसून असे. लहानपणापासून मला विरंगुळा म्हणजे बंद दारामागची गोष्ट वाटत आली. कोणी पाहत असले की माझे पुस्तकाचे पानसुद्धा उलटत नाही. "अहो, मला खरोखर काहीच येत नाही," असे मी एकदा कळवळून म्हणालो, तर वसंतभाऊ गंभीर चेहऱ्याने उठले आणि त्यांनी मला हाताला धरून आपल्या आरामखुर्चीत बसवले. "मग तुम्ही अध्यक्षच व्हा की, साडूसाहेब. आम्ही आपले किरकोळ सभासद." सगळे हसले. मीही हसलो, पण त्या खुर्चीत बसूनही मी वर्तमानपत्र उघडलेच.

निवृत्तीनंतर, ज्या वयात लोक नातवंडांना क्लासला सोडायला जातात, त्या वयात मी स्वतःच बासरीच्या क्लासला नाव घातले. आमच्या सदाशिव पेठेतच, शाळकरी मुलांच्या रांगेत, भिंतीला टेकून बसण्याची सवलत घेऊन. घरी कोणालाही सांगितले नाही. बासरी छत्रीच्या खोळीत ठेवीत असे. पहिले काही महिने त्या बांबूतून स्वर असा निघालाच नाही. निघे ती फुंकर, आणि डोळ्यांपुढे अंधारी. सुदैवाने त्याच सुमारास शोभाला संध्याकाळी भाजी आणायला जाऊन तासभर रेंगाळण्याची सवय लागली. ती जिना उतरली की मी खिडक्या लावून घेई, आणि ती परतण्यापूर्वी छत्रीची खोळ पुन्हा खुंटीवर गेलेली असे. या योगायोगाबद्दल मी मनोमन आभारच मानीत होतो.

एका संध्याकाळी अवेळी बेल वाजली. बासरी उशीखाली सरकवून मी दार उघडले. दारात वसंतभाऊ होते आणि त्यांच्यामागे पिशवी घेतलेली शोभा.

"साडूसाहेब," आत येत ते म्हणाले, "खाली खुर्च्या कमी पडतात. तिकीट तरी लावा."

"कसल्या खुर्च्या?"

"अहो, ही शोभा रोज वॉचमनच्या खुर्चीत बसते. तो बिचारा उभा. मला म्हणाली, 'दाजी, वर जाऊ नका, त्यांचं चाललंय.' मग मीही बसलो पायरीवर. मेथीची अख्खी जुडी निवडून झाली आमची."

मी शोभाकडे पाहिले. तिने पिशवीतून खरोखरच निवडलेली मेथी काढली. "मी वर आले असते तर तुम्ही थांबला असता," ती म्हणाली. "कायमचेच."

सबंध इमारतीने आपल्याला ऐकले, या विचाराने मला तिथल्या तिथे नाहीसे व्हावेसे वाटले. पण त्याहूनही अवघड होते ते निराळेच. ज्या तासाला मी माझा एकांत म्हणत होतो, तो तास ही बाई उंबऱ्याबाहेर बसून मला देत होती. वसंतभाऊंनी यावर व्याख्यान दिले नाही. चहा घेतला, आणि निघताना चपला घालता घालता म्हणाले, "खिडक्या लावून काही उपयोग नाही हं. बांबू पोकळ असला तरी भिंतीही काही भरीव नाहीत. रविवारी घेऊन या."

जावे की नाही, यावर मी सबंध आठवडा घालवला. गेलो ते शोभा पुढे चालत राहिली म्हणून. पोहे झाले, किटली... म्हणजे हत्ती झाला, आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी बासरी ओठांना लावली. फुंकर. पुन्हा फुंकर. ओठ कोरडे पडले, बोटे भोकांवरून घसरू लागली. क्लासमध्ये जमणारा 'सा' त्या खोलीत यायलाच तयार नव्हता. बासरी खाली ठेवून मी म्हणालो, "येत नाही."

"मग बरोबर चाललंय," वसंतभाऊ म्हणाले. "येत असतं तर नियमाला धरून झालं नसतं. कुंदा, थोडी शेव दे गं त्यांना."

आणि खरोखरच, कोणालाही काहीही वावगे वाटले नव्हते. हवालदारांनी सुई पुन्हा हाती घेतली, जावई रश्मीशी भांडू लागला. त्या गोंगाटात, कोणी ऐकत नसताना आणि तरीही सगळे शेजारी असताना, मी पुन्हा फुंकर घातली. 'सा' आला. क्षणभर टिकला. शोभाने मात्र ऐकला होता. तिने माझ्याकडे न पाहता मान खाली घालून बशीतले पोहे एकत्र केले, ते मला दिसले. त्या दिवसापासून ती संध्याकाळी घरीच थांबू लागली. मी खिडकीपाशी, ती स्वयंपाकघराच्या दारात. "आज जरा बेसूर होतं," असे ती कधीकधी म्हणते. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही गोष्टीवर तिने दिलेले हे पहिले मत असावे. मी तिला तशी संधीच दिली नव्हती.

शेवटच्या आजारात वसंतभाऊंच्या फुप्फुसांनी हात आखडता घेतला. डॉक्टरांनी तीन रंगीत गोळ्यांचे ते श्वासाचे यंत्र दिले होते. नळीतून श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. या गृहस्थांनी पाहुण्यांसाठी आणखी एक यंत्र आणि निराळ्या नळ्या मागवल्या, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला स्पर्धेला बसवले. माझी पाळी आली. बासरीवाल्याला हे सहज जमणार, अशी सर्वांची समजूत. मी सवयीने जोरात फुंकर घातली. गोळ्या ढिम्म.

"अहो, ओढायचंय! फुंकताय काय?" ते म्हणाले आणि हसता हसता खोकल्याने लाल झाले. कुंदाताई धावल्या. खोकला ओसरल्यावर त्यांनी माझा हात धरला. दम पुरत नव्हता, म्हणून शब्द तुटक येत होते. "शोभा... घरातच बसते ना आता?"

"बसते."

"मग दारही... उघडं ठेवून बघा एकदा."

मी होकार भरला. मनात मात्र म्हणालो, तेवढे काही माझ्याने व्हायचे नाही. आमची ती शेवटची भेट.

त्यांच्यामागे कसबा पेठेतले रविवार थांबले. मागच्या रविवारी सकाळी कुंदाताई एकट्याच आमच्याकडे आल्या. चित्राची वही नव्हती, काही नव्हते. शोभाने परातभर पोहे केले होते; ते तिघांच्या मानाने फारच झाले होते. बशी हातात तशीच धरून कुंदाताई म्हणाल्या, "सुधाकरराव, मला आता रविवार येत नाही हो." मी उठलो, बासरी घेतली, आणि खिडकीपाशी जाण्याऐवजी आधी जाऊन दाराची कडी काढली. दार भिंतीपर्यंत ढकलले. जिन्यातला गार वारा आत आला. वाजवले ते चांगले झाले नाही. पहिला स्वर फुटला, दुसरा उतरला. समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन वर येत होते. इतक्या वर्षांत त्यांच्याशी माझा व्यवहार मान हलवण्यापलीकडे गेलेला नाही. ते दारापाशी थबकले, कुंदाताईंकडे, परातीकडे, माझ्या हातातल्या बासरीकडे पाहू लागले.

"काही कार्यक्रम आहे का?" त्यांनी विचारले.

शोभा माझ्याकडे पाहत होती.

"आहे," मी म्हणालो. "या ना आत."