शेवयांच्या यंत्राचा बाप

हवालदार नाना आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी चहा संपवला, कप उलटा केला आणि चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या बुडावर काय लिहिलंय ते वाचलं. मी लग्न होऊन वाईहून उंब्रजला नुकतीच आले होते. मला वाटलं, कप नीट धुतला गेला नसावा. मी शरमेनं अर्धी झाले. नाना मात्र खूश दिसले. "आपल्याकडचाच हाय. ब्येस केलंत, बाई," असं म्हणून त्यांनी तोच कप आणखी घोटभर चहासाठी पुढे केला. मी शाळेत शिकवते म्हणून 'बाई'. ते मला शेवटपर्यंत तसंच म्हणाले.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर नानांनी हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, काहीही आणा, ते आधी उलटं व्हायचं. "तोंड कुणीबी धुतंय. वस्तूचं बूड बघावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वस्तू परदेशी निघाली तरी ते दुरुस्त करायचे, पण एकेक स्क्रू काढता काढता भाषण द्यायचे. माझ्या मैत्रिणीच्या बाहेरून आलेल्या मिक्सरचा एक साधा भाग महिनाभर कुठं मिळेना, तेव्हा ते म्हणाले, "हिचा बाप बसलाय समुद्रापल्याड. आता हाक कुणाला मारायची? जिचा बाप हाकंच्या अंतरावर हाय, ती वस्तू नीट वागती."

मी त्यांना चिडवायची. एकदा विचारलं, "नाना, तुमच्या मोबाईलचं बूड काय म्हणतं?"

"त्याचं मी बघतच न्हाई, बाई. जिवाला लय लागतंय."

पण यात नुसता हट्ट नव्हता. आमच्या गल्लीतली काही मुलं शिरवळच्या कारखान्यांत कामाला जात. नाना म्हणायचे, "ही पोरं जे बनवत्यात ते आपण घ्यायचं न्हाई, आन् कारखाना बंद पडला की त्यास्नी परत कामाला घ्या म्हणून मोर्चा काढायचा. ह्ये कुठलं शहाणपण?"

आमच्या बचत गटाला शेवयांचं यंत्र घ्यायचं होतं. उन्हाळ्यात गावात शेवया, कुरडयांची धांदल असते, शिवाय लग्नाच्या रुखवतात शेवया लागतातच. गटातल्या शकुंतलाबाईंचा नवरा वारला होता. पोरीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची सगळी भिस्त त्यांनी या यंत्रावर ठेवली होती. त्यांनीच फोनवर एक परदेशी यंत्र शोधून काढलं. "आवं नाना, ह्ये निम्म्या किमतीत घरपोच देत्यात," त्या म्हणाल्या.

"ते त्यांच्या मऊ पिठासाठी केलेलं असतंय, शकू. आपलं शेवयाचं पीठ घट्ट. त्याची ताकद आपल्याच कारागिराला ठाऊक." मग नानांनी बापूंचं नाव काढलं. बापू त्यांच्याच पलटणीतले, बर्फात एका ताटात जेवलेले. आता सांगलीजवळ त्यांचं वर्कशॉप होतं. "मी सांगतो म्हणून घ्या," नाना म्हणाले. बायकांनी जास्तीचे पैसे मोजले ते यंत्रासाठी नव्हे, या एका वाक्यासाठी.

यंत्र आलं. समोर पितळी पाटी, तिच्यावर देवनागरीत ठसठशीत 'सांगली'. आम्ही हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नाना हात मागे बांधून लग्नघरातल्या वधूपित्यासारखे उभे होते. माझ्या लक्षात आलं की आज त्यांनी काहीच उलटं केलं नाही. मी हळूच विचारलं, "नाना, बूड नाही बघितलं?"

"मित्राच्या घरी जेवाय बसल्यावर ताट उचलून खाली बघायचं नसतंय, बाई."

चैत्रात कामाला तोंड लागलं. ऐन लग्नसराईत, घट्ट मळलेला गोळा घातल्याबरोबर यंत्र करकरलं आणि थांबलं. नानांनी ते उघडलं. आतल्या गिअरचे दाते भुगा होऊन पडले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला ओतीव अक्षरं होती, आपल्या कुठल्याच भाषेत नसलेली. नाना बराच वेळ त्यांच्यावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बापूला कुणीतरी फसवलं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही सांगलीला निघाले. एसटीत ते तुटका गिअर रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसले होते. रस्ताभर त्यांना काळजी बापूंचीच. माणूस भोळा आहे, कुणी गळ्यात माल मारला असेल, आता गिऱ्हाइकांना तोंड कसं देईल. मला ते ऐकवत नव्हतं, कारण मला रात्रीच अंदाज आला होता.

वर्कशॉपमधली लेथ मशिनं ताडपत्रीखाली झाकलेली होती. भिंतीला लागून खोक्यांची रास होती आणि एक कामगार खोक्यातून निघालेल्या यंत्रांवर पितळी पाट्या ठोकत होता. नानांनी ते पाहिलं. तरीही त्यांनी रुमाल सोडला आणि म्हणाले, "बापू, तुला कुणीतरी फसवलंय रं."

बापूंनी गिअरकडे पाहिलंसुद्धा नाही. "बस, चहा घे. परवडत न्हाई गड्या. चार कारागीर होते, घरी पाठवले. आता समदे ह्येच करत्यात."

"मग पाटी कशापायी लावलीस?"

बापू हसले. ते हसणं मी विसरणार नाही. "तूच समद्यास्नी शिकवलंस की, वस्तू कुठली ते बघून घ्या म्हणून. मानसं पाटी बघाय लागली. मी पाटी दिली."

चहा आला. नानांनी घेतला नाही. मला इतका संताप आला की मी बापूंना नको ते बोलले. नानांनी मला थांबवलं, गिअर पुन्हा रुमालात बांधला आणि बाहेर पडले. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. कराड आलं तेव्हा एवढंच म्हणाले, "शत्रूनं मारलेली गोळी कळती कुठनं आली ते."

त्यांनी कराडमध्येच एका लेथवाल्याकडे बसून पोलादी गिअर करून घेतला. पहिला बसला नाही, दुसरा बसला. लग्नांच्या निम्म्या ऑर्डरी तोवर हातच्या गेल्या होत्या. शकुंतलाबाई तरी नानांना रोज दुकानात चहा नेऊन देत होत्या, आणि तेच नानांना जास्त लागलं. यंत्र सुरू झालं त्या दिवशी नानांनी पितळी पाटी स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटून काढली. शकुंतलाबाईंनी विचारलं, "नाना, आता ह्ये यंत्र कुठलं म्हणायचं?"

"काय बी म्हण. मोडलं तर मला हाक मार."

त्यानंतर यंत्र कुरकुरलं की नाना यायचे, तेल घालायचे, कान लावून ऐकायचे. दुकानातलं भाषण मात्र बंद झालं. लोक वस्तू आणून ठेवत, नाना ती आहे तशीच उघडत. आमच्याकडे चहाला आले तेव्हा मी मुद्दाम नवा कप काढला होता, वाटलं, विचारतील. त्यांनी चहा प्यायला आणि कप सरळ बशीत ठेवला. बापूंनी यंत्र दुसऱ्यांचं विकलं याचं मला तेवढं दुःख नाही. त्यांनी या माणसाचा उलटा कप हिरावून घेतला, ते मी माफ केलेलं नाही.

गेल्या थंडीत नाना गेले. तेराव्याला बापू आले. फोटोपुढे ढसाढसा रडले, सगळ्यांना सांगत राहिले की माझा भाऊ गेला. रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. चहा द्यायला मी गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं. डोळे पुसत, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "बाई, ते यंत्र चालतंय न्हवं?"

"चालतंय," मी म्हणाले. "पण त्याचा बाप गेला."