कोरगावचे दुसरे रक्त

कोरगावचे बाबलकाका बहिरे झाले ते माझ्या एका शब्दामुळे, हे मी बरीच वर्षे कोणाला सांगितले नाही.

गोवा नुकतेच घटकराज्य झाले होते. तापाच्या सुरुवातीलाच काढलेले त्यांचे रक्त डिचोलीला आमच्या प्रयोगशाळेत आले. गोचीडतापाची आमची चाचणी जंतू शोधत नाही. जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते, आणि ती तयार व्हायला आठवडा तरी जातो. मला हे ठाऊक होते. ‘दुसरे रक्त पाठवा’ असे लिहायला हवे होते. पण साहेबांना अर्धवट निकाल खपत नसे, आणि मला साहेबांची नाराजी. मी ‘नाही’ लिहिले. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, आणि ताप त्यांचे दोन्ही कान घेऊन गेला.

यंदा नवी, सुधारित चाचणी पारखायचे ठरले. त्यासाठी एकाच रोग्याचे तापातले आणि पंधरवड्यानंतरचे, असे रक्ताचे दोन नमुने लागतात. बर्फाचा डबा घेऊन निघालो. म्हापशाच्या बसमध्ये कंडक्टरने डबा हुंगला. “नुस्तें (मासळी) काय, मास्तर?” रक्तासाठी आहे म्हटल्यावर त्याने मला शेवटच्या बाकावर धाडले. म्हापशात उंडो (कडक कवचाचा गोल पाव) आणि भाजी खाल्ली, तोवर निम्मा बर्फ विरघळला.

पेडण्यानंतर काजूच्या बागा लागल्या. आरोग्य केंद्राने सांगितलेले घर बाबलकाकांचेच निघाले. अंगणात काकी गाईच्या कानामागच्या गोचिडी ओढून नखावर चिरडत होत्या. सून आत तापाने पडलेली, तळहातांवर पुरळ. शहरातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेचा कागद आला होता: नाही. गोळ्या बंद. इतक्या वर्षांनंतरही तोच शब्द. माझ्या मस्तकात तिडीक गेली. तो लिहिणाऱ्याचा हात धरून जाब विचारावासा वाटला. पण तसा हात मला चांगला ओळखीचा होता.

मी रक्त मागितले. काकी म्हणाल्या, “त्या कागदान ह्यांचे दोनय कान खाल्ले. आता सुनेक खातलो?”

आतून सून म्हणाली, “घेवं दियात, माय. ताप म्हाका आसा, तुमका न्हय.”

रक्त घेतले. तिला आरोग्य केंद्रात नेले आणि निकालाची वाट न पाहता औषध पुन्हा सुरू करा, असा डॉक्टरांकडे हट्ट धरला. तरी काकींच्या घरचा तो जुना कागद माझाच, हे मात्र बोललो नाही. परतीच्या बसमध्ये मला माझीच शिसारी आली.

पंधरवड्याने पुन्हा गेलो. सून पेज वाढत होती. तिच्या पहिल्या रक्तात काही नव्हते. दुसऱ्यात प्रतिद्रव्ये भरपूर निघाली. आता आमच्याकडे पहिल्या रक्तावर ‘नाही’ लिहायला मनाई आहे. एवढी साधी सुधारणा, आणि तिला इतकी वर्षे लागावीत.

पण ते सारे नंतरचे. त्या दुसऱ्या खेपेला सुनेच्या दुसऱ्या रक्ताची नळी डब्यात ठेवून मी बाबलकाकांपुढे बसलो आणि हळूच बोललो. त्यांनी कानाला हात लावला.

“मोट्यान सांगात, मास्तर,” काकी म्हणाल्या. “ह्यांका आयकू येना.”

मी जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी शेजारी कुंपणाशी गोळा झाले, इतक्या मोठ्याने म्हणालो, “काका, तो कागद मी लिहिला होता. अजून कळत नाही, असे लिहायचे होते. मी ‘नाही’ लिहिले. तुमचे कान माझ्यामुळे गेले. मला क्षमा करा.”