फळ्यावरची तिसरी ओळ

ओल्या फळ्यावर खडू फिरला, की त्या वासासरशी मला पाचूबंदरची आमची शाळा दिसते. पंधरा ऑगस्टची सकाळ होती आणि दिनविशेष लिहायची पाळी माझी होती. देश स्वतंत्र झाला, ही पहिली ओळ; मरियामातेचं स्वर्गोन्नयन, म्हणजे ती सदेह स्वर्गात गेली तो सण, ही दुसरी. लिहिताना कान बंदराकडे होते, कारण बाबांची बोट वादळात सापडली होती आणि आई कालपासून जेटीवरून हलली नव्हती. राष्ट्रगीत सुरू झालं तोच बंदरावर गलका उठला. ते संपेपर्यंत मी कशीबशी सावधान उभी राहिले. तेवढ्यात चिंब भिजलेली आई धावत थेट फळ्यापाशी आली. "आजचं काय काय लिवलंस?" मी वाचून दाखवलं. "मंग हे पन लिव. आज तुजा बाप दर्यातून जित्ता आला." बाईंनी खडू माझ्या हातात दिला. देश, मरियामाता आणि त्यांच्या खाली माझे बाबा! ती तिसरी ओळ मी ठळक अक्षरांत लिहिली. तो फळा आठवडाभर कुणी पुसला नाही. आता मी स्वतः शिकवते आणि पंधरा ऑगस्टला दोन ओळी लिहून तिसरीपुरती जागा कोरी सोडते; कुणाच्या घरी काय उजाडेल, सांगता येत नाही.