सिलोनच्या पत्रातली पहिली ओळ

आमचे हे सिलोनला, कोलंबोत, मिरची-कांद्याच्या एका पेढीवर कारकून होते. स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली असतील. तिकडं जागा मिळाली तसं मला आणि तीन वर्षांच्या पोराला बोलावून घ्यायचं ठरलं, आणि शाहूपुरीतल्या घरी चार पानांचं पत्र आलं. मायेचा शब्द म्हणाल तर एक नाही, नुसत्या सूचना. पाणी उकळूनच प्यायचं. बोटीवर पोराला कठड्याशी उभं करायचं नाही. ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन आपण मागं राहायचं नाही. डोंगराकडं जळवा पायाला चिकटतात, त्या ओढायच्या नाहीत, मीठ लावायचं. आणि सगळ्यांच्या आधी, पहिल्याच ओळीत: दोघांनी देवी टोचून घ्यायच्या आणि दाखला जवळ ठेवायचा. रामेश्वराच्या अलीकडं तपासणीचा तळ आहे, दाखल्यावाचून बोटीत पाऊल टाकू देत नाहीत.

रंकाळ्यापलीकडं मी पाणी पाहिलेलं नव्हतं. समुद्राची भीती होतीच. पण खरी भ्याले ती त्या पहिल्या ओळीला. माझ्या धाकट्या भावाला देवी टोचल्या, ताप चढला आणि पाचव्या दिवशी तो गेला. ताप कसला होता कुणास ठाऊक, पण माहेरी सगळ्यांनी टोचण्यालाच बोल लावला. मीही लावला.

मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, हे सांगायची सोय नव्हती. ते हेडमास्तर. एकदा बोलले की संपलं. देवी डॉक्टर गल्लीत आला, पोरं रांगेनं उभी केली. माझ्या पोराच्या दंडावर त्यानं सुई फिरवली तशी ते असं किंचाळलं की मी तोंडच फिरवलं. शेजारच्या अक्कांनी मला खुणेनं मागच्या मोरीवर बोलावलं. त्यांची पाच वर्षांची पोर कडेवरच होती.

"वाळू देऊ नको," त्या म्हणाल्या. "कडुलिंबाच्या पाण्यानं खसाखसा धू. म्या माझीचं आत्ताच धुतलंय. ताप न्हाय, फोड न्हाय, काय न्हाय."

धुतलं की मी. माझा स्वतःचा टोचलेला दंड तेवढा तसाच ठेवला. मला काही झालं असतं तर चाललं असतं.

आठव्या दिवशी टोचल्या जागी फोड उठला का ते बघायला डॉक्टर आला. तो मामंजींचा जुना विद्यार्थी. मामंजी म्हणाले, "सूनबाई, पोराची बाही वर करून दाखव." मी म्हटलं, आत्ताच झोपलाय. "असू द्या मास्तर, तुमच्या घरचं काय बघायचं," म्हणून त्यानं उभ्याउभ्या दाखल्यावर सही केली. गुरुजींचा मान राखला बिचाऱ्यानं. मी देवापुढं साखर ठेवली, एवढी मी शहाणी!

तीनेक आठवड्यांनी, ट्रंक भरून झाली होती, गाडीला आठ दिवस उरले होते, आणि सकाळी अक्कांच्या दाराला कडुलिंबाची डहाळी बांधलेली दिसली. विचारलं, तर त्यांच्या सासूबाई आतूनच म्हणाल्या, "पोरीला देवी आल्यात." आदल्या दिवशी दुपारी माझं पोरगं त्याच पोरीच्या ताटात जेवलं होतं.

मी घरात पळाले. मामंजी शांतपणे म्हणाले, "घाबरतेस कशाला? त्याला देवी टोचल्यात. दाखला आहे ना." गल्लीतल्या बायकाही तेच सांगायला लागल्या. सगळ्यांना धीर होता आणि मला एकटीला माहीत होतं की त्या दंडावर काहीच नाही. गप्प बसावं तर पोर जातंय, बोलावं तर मामंजींची मान त्यांच्या विद्यार्थ्यासमोर खाली जातेय. शेवटी मी भिंतीकडं बघत म्हणाले, "मामंजी, मी ते धुऊन टाकलं."

ते उठले. कोट घातला, टोपी घातली, पोराला उचललं आणि चालू लागले. मी मागून अनवाणी. दवाखान्यात लोकांच्या देखत त्यांनी त्या डॉक्टरला सांगितलं, "तू सही केलेला दाखला खोटा आहे. चूक आमच्या घरची. पुन्हा टोच."

डॉक्टर म्हणाला, "लगेच आणलंत म्हणून आशा आहे. पण हे टोचणं धरलं पाहिजे, ताप येऊन फोड उठला पाहिजे."

धरलं पाहिजे! मी दिवसातून वीसदा बाही वर करायची. पाचव्या दिवसापर्यंत नुसता लाल ठिपका. जेवण जात नव्हतं, पोराच्या अंगाला हात लावायचीही भीती वाटायची. ज्या तापाला भिऊन मी हा उद्योग केला, तोच ताप यावा म्हणून अंबाबाईला विनवत होते. सहाव्या दिवशी पोराचं अंग तापलं, दंडावर टपोरा फोड उठला, आणि मी त्याला पोटाशी धरून ढसाढसा रडले. पोराला देवी आल्या नाहीत.

जायचं दोन महिने लांबलं. अक्कांची पोर वाचली, पण तोंडभर वण उठले आणि डावा डोळा पांढरा झाला. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तर मला मान वर करवेना. अक्कांनी माझ्या पोराला जवळ ओढलं, त्याची बाही वर केली आणि त्या गोल वणावरून बोट फिरवलं.

"माझीला बी एवढंच दुखलं असतं," त्या म्हणाल्या, आणि बाही खाली केली.