स्वच्छ ओढ्याचा कचरा

माझे मोठे मामा आयुष्यभर मालाच्या गोदामात तोलणारे होते. गोदाम बंद पडलं तेव्हा माणूस उभा राहील एवढा तिथला लोखंडी काटा त्यांनी भंगाराच्या भावात घरी आणला, आणि मामीने कपाळाला हात लावला. पुढे मामी गेली, काटा राहिला. सोमवार ते शनिवार मामा कुणाशी बोलत नसत. माझ्याशीही नाही, आणि मी त्याच घरात राहते. ताट पुढे ठेवलं की मान हलवायची, जेवायचं, ताट सरकवायचं, संपलं.

रविवारी मात्र हाच माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी ओढ्यावर हजर. पर्यावरण कार्यालयाने आमच्या भागातला ओढा साफ करायचा कार्यक्रम काढला होता, आणि त्यात एक सूचना होती: भाग घेणाऱ्या प्रत्येकाला दर आठवड्याला त्याची प्रगती सांगावी. हे काम मामांकडे आलं, कारण काटा त्यांचा; दर रविवारी ते तो हातगाडीवर घालून ओढ्यावर नेत. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. प्रत्येकाचं पोतं काट्यावर चढायचं, मामा दांडीवरचं वजन सरकवायचे, डोळे बारीक करायचे, आणि मग त्या माणसाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायचे, "मागच्या रविवारपेक्षा तुमची चांगली प्रगती आहे." दातांच्या डॉक्टरांसारखा तालेवार गृहस्थ ते ऐकून चक्क लाजायचा.

भानगड अशी झाली, की ओढा स्वच्छ होऊ लागला. प्रगती म्हणजे गोळा केलेला कचरा. कचराच उरला नाही तर प्रगती आणायची कुठून? कार्यालयातल्या एकाही शहाण्याला हे सुचलं नव्हतं. एका रविवारी मामांना शिंपीणबाईंना सांगावं लागलं, की या वेळी जरा घट आहे. बाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. लोकांचा हिरमोड झाला तर ते येणं सोडतील, आणि ते आले नाहीत तर रविवारही सोमवारसारखाच होईल, हे मामांना कळत होतं आणि मलाही. मी दुसऱ्याच दिवशी शिंपीणबाईंना गाठून मामांच्या उपासाचं सांगितलं. बाईंच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे बाकीच्यांना सांगायचे माझे कष्ट वाचले.

शनिवारी संध्याकाळी मामा एक मोडकी छत्री आणि गंजका पंखा पिशवीत घालून निघाले. कुठे निघालात विचारलं तर शनिवार असूनही म्हणाले, फिरायला. पंखा घेऊन फिरायला जाणाऱ्या माणसाला पुढे काय विचारायचं?

दुसऱ्या दिवशी ओढ्यात छत्री सापडली, पंखा सापडला, आणि मामांनी न टाकलेलंही बरंच काही सापडलं. शिंपीणबाईंना प्लास्टिकच्या पिशव्या मिळाल्या, त्याही धुऊन घडी घातलेल्या. डॉक्टरांना दातांचे प्लास्टरचे साचे मिळाले, ओळीने मांडलेले. सगळे आश्चर्य वाटल्याचं सोंग करत होते, आणि ते एकालाही धड जमत नव्हतं. मामांनी प्रत्येकाला प्रगती सांगितली आणि घरी येऊन पोटभर जेवले.

मग दर रविवारी हेच. शेवटी डॉक्टरांनी कहर केला. त्यांच्या दवाखान्यातली जुनी खुर्ची, ती पेशंटला आडवं करणारी, ओढ्याच्या मधोमध निघाली. "लोक काय वाट्टेल ते टाकतात हो," असं म्हणत त्यांनीच चौघांच्या मदतीने ती काट्यावर चढवली. मामांनी पुन्हा पुन्हा वजन पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, उल्लेखनीय प्रगती. डॉक्टरांना भरून आलं.

मामांनी कळवलेले आकडे पाहून कार्यालयाची मात्र झोप उडाली. एवढा कचरा निघतोय म्हणजे ओढ्याचं गटार झालं असणार, म्हणून पुढच्या रविवारी साहेब स्वतः पाणी तपासायला आले. त्यांनी बाटलीत पाणी भरून उन्हात धरलं. पाणी नितळ, आणि आत एक चिमुकला मासा. साहेबांनी मासा पाहिला, काठावरची खुर्ची पाहिली, आणि आमच्याकडे पाहिलं.

"साहेब, ओढा कधीच स्वच्छ झालाय," शिंपीणबाई म्हणाल्या. "कचरा आम्ही घरून आणतो. घट सांगावी लागली की काका जेवत नाहीत."

"आणि मी तुमच्यासाठी आणतो," मामा बाईंना म्हणाले. "तुमचं पडलेलं तोंड बघवत नाही मला."

साहेबांनी बाटली पाण्यात ओतली. म्हणाले, "मग अभिनंदन. कार्यक्रम यशस्वी झाला. आता रविवारी कुणी यायची गरज नाही."

मामांना त्यांची प्रगती सांगणारा एकच माणूस भेटला, आणि त्याने हे सांगितलं. मला असा संताप आला, की साहेब त्या खुर्चीत बसला असता तर मीच त्याचे दात उपटले असते.

पुढच्या रविवारी मामांनी दाढी केली नाही. ओट्यावर काट्याशेजारी बसून ते दांडीला तेल देत होते, कशासाठी ते त्यांनाच माहीत. तेवढ्यात फाटकातून शिंपीणबाई आल्या. मागे डॉक्टर, त्यांच्यामागे बाकीचे, सगळे रिकाम्या हातांनी. आलो खरे, पण करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. थोडा वेळ नुसती चुळबुळ झाली. मग बाईंनी चपला काढल्या आणि सरळ काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"काका, माझी प्रगती सांगा."

मामा उठले. वजन सरकवलं, डोळे बारीक केले, आणि बाईंना हळूच बाजूला घेतलं.

"आज नुसतं वजन सांगता येईल," ते म्हणाले. "प्रगती कळायची तर पुढच्या रविवारी परत यावं लागेल."

"येते की," बाई म्हणाल्या.

डॉक्टर बूट काढायला खाली वाकले. मी चहा टाकायला आत पळाले, कारण मला रडू फुटलं होतं.